ऑप्शन फॉर्म भरण्याआधी कॉलेज पाहून या

साताऱ्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी 28 वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली, तरी जून महिना लागला की घराची बेल वाजू लागते. दारात आई, वडील आणि त्यांच्या मागे मान खाली घालून उभा असलेला मुलगा किंवा मुलगी. हातात प्लास्टिकची फाइल आणि फाइलमध्ये सीईटीचे स्कोअरकार्ड. चहा येण्याआधीच प्रश्न येतो, "मॅडम, इतक्या पर्सेंटाइलला कुठलं कॉलेज मिळेल?" या प्रश्नाचे उत्तर देणे अवघड नाही. राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर मागील वर्षांच्या प्रत्येक फेरीचे कटऑफ असतात आणि ते धीराने वाचणाऱ्या कोणालाही उत्तर सापडते. मात्र कुठले मिळेल याच्या आधी कुठले हवे हे ठरावे लागते, आणि माझ्याकडे येणाऱ्या पालकांपैकी फार थोड्यांनी त्यासाठी एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात कामाच्या दिवशी पाऊल ठेवलेले असते. लग्नासाठी कार्यालय ठरवायचे तर आपण तीन कार्यालये हिंडतो. स्वयंपाकघर कसे आहे, पाणी किती वेळ असते, गाड्या कुठे लावायच्या हे विचारतो. चार वर्षांच्या शिक्षणासाठी मात्र शेजाऱ्याच्या साडूचा शब्द पुरतो.

मी हे अभियांत्रिकीच्या प्रवेशापुरतेच लिहीत आहे, कारण माझे बहुतेक विद्यार्थी तिकडेच गेले आणि त्यांच्याकडून पुढची हकिगत ऐकायला मिळाली.

माझा भाचा 2025 च्या जानेवारीत बारावीत होता. सीईटीला तीन महिने असताना अभ्यासाचा एक दिवस वाया जातो म्हणून भाऊ कुरकुरला, तरी मी त्याला एका बुधवारी सकाळी एसटीत बसवून दोन महाविद्यालये दाखवायला घेऊन गेले. बुधवार आणि जानेवारी या दोन्ही गोष्टी मी मुद्दाम निवडल्या होत्या. जूनमध्ये महाविद्यालय नटलेले असते. फाटकाशी फलक, आत मंडप, समुपदेशन कक्षात थंड सरबत आणि इस्त्रीच्या शर्टातले प्राध्यापक. जानेवारीच्या साध्या बुधवारी ते जसे असते तसे दिसते.

पहिल्या महाविद्यालयाची इमारत काचेची होती, दारात कारंजे होते आणि महामार्गावरच्या फलकामुळे भाच्याला त्याचे नाव पाठ होते. प्रयोगशाळा पाहू द्या म्हटल्यावर कार्यालयाने आढेवेढे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. आम्ही हायड्रॉलिक्सच्या प्रयोगशाळेत गेलो. मध्यभागी पेल्टन चक्राचा, म्हणजे पाण्याच्या झोतावर फिरणाऱ्या चाकाचा संच होता, रंग नवा होता, पण खालची टाकी कोरडी होती आणि तिच्या तळाशी धुळीत कागदी कप पडला होता. मी सवयीने भिंतीकडच्या टेबलावरची उपकरण-वापराची नोंदवही उघडली. शेवटची नोंद ऑक्टोबर 2023 ची होती. प्रयोगशाळा साहाय्यक प्रामाणिक माणूस होता, तो म्हणाला, "मॅडम, पंपाची मोटर जळाली आहे, मागणी पाठवली आहे." भाच्याने विचारले, "मग जर्नलमध्ये रीडिंग्ज कुठली लिहितात?" साहाय्यक हसला आणि म्हणाला, "मागच्या बॅचची."

माझ्या मते त्या दिवसाचे बसभाडे या दोन शब्दांतच वसूल झाले.

दुसरे महाविद्यालय जुने होते. कार्यशाळेवर पत्र्याचे छत, आत तेलाचा वास, लेथभोवती लोखंडाच्या किसाचा सडा आणि खाकी एप्रन घातलेली 20 मुले. त्यांच्यात उभ्या असलेल्या शिक्षकांचे हात मनगटापर्यंत काळे होते. त्यांनी आमच्याकडे लक्षसुद्धा दिले नाही, कारण एका मुलाने हत्यार चुकीच्या उंचीवर बांधले होते आणि ते त्याला पुन्हा बांधायला लावत होते. या महाविद्यालयाचे मुलींचे स्वच्छतागृह वाईट होते, वसतिगृहाच्या भिंतींना ओल होती आणि वायफाय नावालाच होते, हेही सांगते, म्हणजे मी जुन्या इमारतींच्या प्रेमात आहे असे वाटायला नको. पण तिथल्या यंत्रांना माणसांचे हात लागत होते, आणि साडेतीन तासांचा प्रवास करून पाहायचे होते ते एवढेच.

त्यानंतर आम्ही उपाहारगृहात बसलो. कोणत्याही महाविद्यालयाची खरी माहिती प्रवेशाच्या टेबलावर मिळत नाही, ती तिसऱ्या वर्षाच्या मुलांकडे असते. पहिल्या वर्षाचा मुलगा अजून भारावलेला असतो, शेवटच्या वर्षाचा नोकरीच्या काळजीत असतो. तिसऱ्या वर्षाच्याला सगळे कळून चुकलेले असते आणि बोलायला वेळही असतो. त्याला "कॉलेज कसं आहे?" असे विचारू नये, कारण तो "छान आहे" म्हणेल. मागच्या सेमिस्टरला एखादा विषय अर्ध्यावर शिक्षक सोडून गेल्यामुळे लटकला का, चाचणीच्या उत्तरपत्रिका परत दाखवतात का, वर्गात किती जणांना केटी (राहिलेले विषय) आहेत आणि किती जणांचे वायडी झाले, म्हणजे वर्ष वाया गेले, ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडे असते, असे विचारावे. मुले या प्रश्नांची उत्तरे मनापासून देतात. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीने तर न विचारताच सांगितले की मेसमध्ये गुरुवारची खिचडी सोडली तर बाकी काही खाण्यासारखे नसते.

पाहण्याइतकेच वाचण्यासारखेही पुष्कळ असते आणि ते फुकट असते. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीई या केंद्रीय परिषदेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या संकेतस्थळावर 'मँडेटरी डिस्क्लोजर' नावाचे कागद ठेवावे लागतात; त्यात मंजूर जागा, शिक्षकांची नावे आणि त्यांची पात्रता असते. ही यादी घेऊन महाविद्यालयात जावे आणि त्यातले किती शिक्षक प्रत्यक्ष दिसतात ते पाहावे. दुसरा कागद त्याहून मोलाचा. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणारी संस्था जी माहिती सादर करते, ती तिला जाहीरही करावी लागते. क्रमवारीतल्या आकड्यावरून पालक भांडतात, पण त्या माहितीत पहिल्या वर्षाला किती विद्यार्थी आले, त्यांपैकी ठरलेल्या मुदतीत किती उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली, किती जण पुढच्या शिक्षणाला गेले आणि पगाराचा मध्यक किती, हे सगळे ओळीने लिहिलेले असते. 'मुदतीत उत्तीर्ण' हा आकडा मी सर्वांत आधी पाहते. शंभर मुले आत गेली आणि चार वर्षांनी साठच बाहेर आली, तर उरलेली चाळीस कुठे अडकली, हे विचारण्याचा हक्क पालकांना आहे.

मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध येणारा पगार. त्याची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण फलकांवरचा सगळा खेळ तिथेच आहे. समजा दहा मुलांपैकी नऊ जणांना साडेतीन लाखांची नोकरी लागली आणि एकाला 40 लाखांची. सरासरी निघते 7 लाख 15 हजार. हा आकडा खोटा नाही, पण दहांतल्या एकाही मुलाच्या हातात तो पगार पडलेला नाही. मध्यक मात्र साडेतीन लाखच राहतो, आणि तुमचे मूल त्या नऊ जणांत असण्याची शक्यता जास्त, हे निदान गणिताच्या दृष्टीने तरी मान्य करावे लागते. शिवाय एकाच हुशार मुलीला तीन कंपन्यांनी बोलावले तर काही ठिकाणी ते तीन 'ऑफर' म्हणून मोजले जातात. म्हणून किती ऑफर आल्या हे विचारू नये. तुमच्या शाखेतल्या किती मुलांपैकी किती जण रुजू झाले, हे विचारावे.

नॅक आणि एनबीए या दर्जा तपासणाऱ्या दोन संस्थांतही गल्लत होते. नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला असते, तर एनबीएचे मानांकन शाखेला आणि ठरावीक वर्षांसाठी असते. महाविद्यालयाच्या पत्रिकेवर 'एनबीए मानांकित' असे मोठ्या अक्षरांत असते. ते तुमच्या शाखेला आहे का आणि कोणत्या वर्षापर्यंत आहे, हे बारीक अक्षरांत असते, क्वचित नसतेही.

शाखेचा विषय निघालाच आहे तर संगणक शाखेबद्दल बोलणे भाग आहे. एका शाखेत जास्तीत जास्त किती जागा असाव्यात यावर एआयसीटीईने पूर्वी मर्यादा घातली होती. 2024-25 पासून ती उठवली. तेव्हापासून अनेक ठिकाणी संगणकाच्या जागा भराभर वाढल्या आणि काही ठिकाणी स्थापत्य, यंत्र यांच्या जागा घटल्या. जागा वाढणे वाईट नाही, पण निकष 20 विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. 240 जागांच्या शाखेत चारही वर्षे मिळून 960 विद्यार्थी होतात, म्हणजे पहिल्या वर्षाला गणित आणि भौतिकशास्त्र शिकवणारे धरून जवळपास 48 शिक्षक हवेत. ते आहेत का, की तासिका तत्त्वावर आलेली कालचीच पदवीधर मुले शिकवत आहेत, एवढे पाहून मग त्या शाखेचा आग्रह धरावा.

"चांगलं कॉलेज घ्यावं की हवी ती ब्रांच?" या प्रश्नावर माझे उत्तर अनेकांना आवडत नाही. मुलाला एखाद्या विषयाची खरी ओढ असेल तर शाखा आधी. ओढ नसेल, आणि सतराव्या वर्षी बहुतेकांना ती नसतेच, तर महाविद्यालय आधी. पुण्याचे सीओईपी 1854 पासून, मुंबईचे व्हीजेटीआय 1887 पासून, सांगलीचे वालचंद 1947 पासून चालत आले आहे. अशा ठिकाणी मागणी कमी असलेली शाखा घेतलेल्या मुलालाही ग्रंथालय, कार्यशाळा आणि बरोबरीची मुले तीच मिळतात. जवळपासचा उद्योग हाही विचारात घेण्याचा भाग आहे. इचलकरंजीत वस्त्र तंत्रज्ञान शिकणाऱ्याला यंत्रमागाचा खडखडाट खिडकीतून ऐकू येतो, आणि कोल्हापुरात धातूकाम शिकणाऱ्याला शिरोलीची फाउंड्री सायकलवरून गाठता येते. दुसऱ्या वर्षी शाखा बदलून घेऊ, या भरवशावर मात्र प्रवेश घेऊ नये. तशा जागा मूठभर असतात आणि त्या पहिल्या वर्षी वरच्या गुणांनी उत्तीर्ण झालेल्यांना जातात.

पैशाबद्दल आपल्याकडे मोकळेपणाने बोलले जात नाही, म्हणून आकडे आधी मांडावेत. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि ते प्रत्येक महाविद्यालयाप्रमाणे संकेतस्थळावर दिसते. त्याहून जास्त मागितले तर पावती मागावी. देणगीला बंदी घालणारा कायदा महाराष्ट्रात 1987 पासून आहे, तरी 'इमारत निधी' हा शब्द अजून कानावर येतो. ज्यांचे कौटुंबिक उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे त्यांच्यासाठी टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफीच्या 5 टक्के जादा जागा असतात, राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती असते, आणि 2024-25 पासून ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींचे पूर्ण शिक्षण व परीक्षा शुल्क शासन भरते. पण या सवलती कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशाला आहेत. महाविद्यालय स्वतः भरते त्या व्यवस्थापन कोट्यातून किंवा खासगी विद्यापीठात प्रवेश घेतला की त्या हातच्या जातात, आणि हे अनेकांना पैसे भरून झाल्यावर कळते. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वडिलांनी घाईने कोट्यातली जागा घेतली. दोन आठवड्यांनी कॅपमध्ये त्याच शाखेची जागा तिच्या गुणांना मिळत होती असे दिसले. त्यांनी माझ्यासमोर वहीत चार वर्षांचा फरक मांडला आणि वही मिटून ठेवली.

कागदपत्रांबाबत एवढेच सांगते की जात वैधता प्रमाणपत्राच्या मागे अकरावीतच लागावे. वैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर झाले नाही तर मूल खुल्या प्रवर्गात ढकलले जाते.

आता ऑप्शन फॉर्मकडे, म्हणजे कॅपसाठी महाविद्यालये आणि शाखा पसंतीच्या क्रमाने भरून देण्याच्या अर्जाकडे येते, कारण तिथे मी स्वतः ठेच खाल्ली आहे. माझ्या मुलीचा प्रवेश 2021 मध्ये झाला. तिला पुण्यातल्या एका महाविद्यालयाची इलेक्ट्रॉनिक्स शाखा हवी होती; आदल्या वर्षीचा कटऑफ तिच्या पर्सेंटाइलच्या किंचित वर होता. मी, 28 वर्षे इतरांच्या मुलांना धीर देणारी बाई, घाबरले. "निदान हे तरी हातात असू दे" म्हणून मी घराजवळच्या महाविद्यालयाला पहिला क्रमांक द्यायला लावला आणि पुण्याचे दुसऱ्यावर गेले. पहिल्या फेरीत अर्थातच पहिला पर्याय मिळाला, आणि पहिला पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीज होते, पुढच्या फेऱ्यांचे दार बंद. शेवटच्या फेरीत पुण्याचा कटऑफ तिच्या गुणांच्या खाली उतरला. यादी तिनेच मोबाइलवर उघडली, पाहिली आणि मोबाइल उलटा ठेवून अभ्यासाचे टेबल आवरायला गेली. मला ती काही बोलली नाही.

चूक समजून घेण्यासारखी आहे. संगणक तुमची यादी वरून खाली वाचतो आणि तुमच्या गुणांना जिथे पहिल्यांदा जागा दिसते तिथे थांबतो. वरच्या दहा ठिकाणी जागा नसेल तर तो अकराव्यावर येतो, आणि अकरावा पर्याय वरच्या दहांमुळे कुठेही निसटत नाही. त्या जागेवर तुमचा हक्क गुणांवर ठरतो, यादीतल्या क्रमांकावर नाही. म्हणून यादी आवडीच्या उतरत्या क्रमाने लावावी, कटऑफच्या नाही. अवघड वाटणारी महाविद्यालये वर लिहिल्याने काही गमवावे लागत नाही. नको असलेले वर लिहिल्याने चार वर्षे द्यावी लागतात. पर्याय 300 पर्यंत देता येतात, तेव्हा खालच्या भागात खात्रीची ठिकाणे भरपूर घालावीत, मात्र मिळाल्यास जाणारच नाही असे एकही घालू नये. 2025-26 मध्ये फेऱ्या चार झाल्या आणि नियम आणखी कडक झाला: पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही पर्याय मिळाला की तो स्वीकारावाच लागतो. नियम दर वर्षी बदलतात, त्यामुळे माहितीपुस्तिका त्या वर्षीचीच वाचावी, मावसभावाच्या वेळची नव्हे.

कटऑफ पाहताना प्रवर्गाचा संकेतही नीट वाचावा. शेवटी 'एच' असेल तर ती स्वतःच्या विद्यापीठ क्षेत्रातल्या मुलांची यादी, 'ओ' असेल तर बाहेरच्यांची, 'एस' असेल तर राज्यस्तरीय. सुरुवातीला 'एल' असेल तर मुलींच्या राखीव जागांची. साताऱ्याच्या मुलाने पुण्याच्या महाविद्यालयाची 'एच' यादी पाहून निराश होणे किंवा आनंदणे, दोन्ही निरर्थक, कारण सातारा शिवाजी विद्यापीठात येतो. आणि फॉर्म भरून देतो म्हणून पासवर्ड व ओटीपी मागणाऱ्या 'कन्सल्टंट'च्या हाती मुलाचे लॉगिन देऊ नये, मग तो कितीही ओळखीचा असो.

भाच्याने जुलैत आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून फॉर्म भरला. पर्याय 41 झाले. काचेच्या इमारतीचे महाविद्यालय त्याने घातलेच नाही. त्या महाविद्यालयाचे कटऑफ पत्र्याच्या छताच्या महाविद्यालयापेक्षा जास्त होते, त्यामुळे भावाने दोनदा फोन करून कारण विचारले. पत्र्याच्या छताखालची यंत्र शाखा त्याने तिसऱ्या क्रमांकावर टाकली. पहिल्या फेरीत सातवा पर्याय आला. त्याने जागा स्वीकारून पुढची वाट पाहिली. दुसऱ्या फेरीत तिसरा पर्याय आला आणि नियमाने तिथेच फ्रीज झाला. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, नाव फारसं ऐकलेलं नाही गं या कॉलेजचं." फोन स्पीकरवर होता. भाचा म्हणाला, "बाबा, मी पाहिलंय ते."

ऑगस्टमध्ये तो राजवाड्याजवळच्या शिंप्याकडे खाकी एप्रनचे माप देऊन आला.